कप्तानाच्या उशाशी

गेल्या महिन्यात ब्लाउजची बाही सैल करून घ्यायला गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेले होते. आता सगळ्या शिंप्यांकडं विजेच्या मशिनी असतात, त्या नुसत्या गुणगुणतात. पण त्या दुकानाच्या आतल्या अंगाला कुणीतरी पायाची मशीन चालवत होतं. खडखड, खडखड, मग हातानं चाक धरल्याचा हलका धक्का, की पुन्हा खडखड. ब्लाउज हातात पडला तरी मी तिथंच उभी. दुकानदार म्हणाला, "आंटी, झालं तुमचं." मी म्हणाले, "हो, झालं," आणि तरीही हलले नाही.

त्या आवाजाबरोबर मला बर्फ आठवतो. खरा बर्फ मी आयुष्यात पाहिलेला नाही. पण सतराव्या-अठराव्या वर्षी मी जवळजवळ वर्षभर बर्फात राहिले, औरंगपुऱ्यातल्या एका माडीवर, भर उन्हाळ्यातसुद्धा.

ती माडी म्हणजे ताराबाईंचा शिवणवर्ग. ताराबाई मूळच्या गंगापूरकडच्या. घरची शेती होती, ती त्यांचे मालक बघायचे आणि आठवड्याला एस.टी.नं येऊन भाजी, ज्वारी नाहीतर गूळ टाकून जायचे. मुलांच्या शाळेसाठी ताराबाई शहरात राहिल्या होत्या आणि नुसतं बसायचं कसं म्हणून त्यांनी वर्ग काढला होता. मॅट्रिक झाल्यावर लग्नाआधी हातात काहीतरी असावं म्हणून आईनं मला तिथं पाठवलं. चार-आठ दिवसांतच कळून चुकलं की माझ्या हातून सरळ शिवण मरेपर्यंत जाणार नाही. मी कापलेल्या झबल्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा निघाला, तेव्हा ताराबाईंनी कात्री माझ्या हातातून काढून घेतली.

"पोरी, तुला येतंय तरी काय?"

"वाचता येतं," मी म्हणाले.

"मग वाच. दिवसभर आमचे हात चालत्यात, कान मोकळेच असत्यात."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातून सगळ्यात जाड पुस्तक उचललं. ती एक रशियन कादंबरी होती, मराठीत आणलेली, तीन भागांत. कशासाठी उचलली, तर ती लवकर संपणार नाही म्हणून. पहिल्या भागाची पाठ उसवलेली होती. ती ताराबाईंनी आधी दाभणानं शिवून घेतली आणि मगच वाचायला दिली. पानांना जुन्या कागदाचा आणि वाळवीच्या औषधाचा वास होता. त्यात माडीवरचे वास मिसळले. कोऱ्या मांजरपाटाची खळ, मशिनीचं तेल, कोळशाच्या इस्त्रीखाली ओलं कापड भाजतं तो वास. खिडकीबाहेर कडुलिंबाचं झाड होतं. चैत्रात त्याचा मोहोर खिडकीतून आत, पानांवर पडायचा. मी फुंकर मारून ओळी मोकळ्या करायची.

माडीवर बायका येत-जात राहायच्या, पण कायमच्या तिघी. ताराबाई मधल्या मशिनीवर बसायच्या. त्यांच्या डाव्या हाताला जैबुन्निसा, आम्ही सगळ्या तिला जैबूआपा म्हणायचो. तिचे मियाँ हिमरूच्या शाली विणायचे. ती मशीन चालवत नसे, भिंतीला टेकून हातानं काजं करायची, तिच्यासारखी काजं शहरात कुणाची नव्हती. आणि दाराशी शेवंता. हर्सूलच्या तळ्याकडून चालत यायची. घरी मेंढरं होती, नवऱ्याबरोबर रानोमाळ फिरून कंटाळली आणि आता शिंपीण व्हायचं तिनं मनावर घेतलं होतं.

पहिले काही दिवस रशियन नावांनी जीव नको केला. एकेका माणसाची तीन-तीन नावं. शेवटी ताराबाईंनीच निकाल लावला. "ही नावं आपल्याला झेपायची नाय. आपण आपली ठिवू." मग तो सैन्यातला अबोल, देखणा अधिकारी झाला कप्तान. घरातली गाणारी, हसरी मुलगी झाली धाकटी. कप्तानाची घरात बसून बापाचं करणारी बहीण होती, तिला जैबूआपानं नाव दिलं, बाजी, म्हणजे ताई. आम्ही त्यांच्याविषयी असं बोलायचो की जिन्यावरून येणाऱ्या नव्या बाईला वाटावं, ही मंडळी पैठण गेटाजवळ कुठंतरी राहतात.

कादंबरी आवडते आहे की नाही हे मला मशिनींवरून कळायचं. लढाईचे डावपेच, सेनापतींची भाषणं आली की सगळ्या मशिनी जोरात धावायच्या आणि मला ओरडून वाचावं लागायचं. घरातलं काही आलं, लग्न, रुसवा, आजारपण, की पाय मंदावायचे. धाकटी पहिल्यांदा मोठ्या समारंभात नाचायला उभी राहिली आणि तिला कुणी विचारीना, तेव्हा सगळी माडी गप्प झाली होती. ताराबाईंनी सुईतला दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "विचारा की रे मेल्यांनो कुणीतरी!" मग कप्तान उठून तिच्याकडं गेला आणि मशिनी अशा सुटल्या की खाली रस्त्यावरच्या माणसांनी वर पाहिलं असेल.

शेवंताला माणसांचं फारसं पडलेलं नव्हतं. लढाई आली की ती विचारायची, "घोड्यांचं काय झालं?" मी म्हणायची, लिहिलेलं नाही. "लिहिलं नाय कसं? येवढी जनावरं. त्यांना वैरण कोन घालतंय? पाणी कोन दावतंय?" एकदा एका पानावर उपाशी घोडे झाडांच्या साली खातात असं आलं. ती उठून जिन्यात जाऊन बसली. परत आली ती डोळे पुसून. म्हणाली, "आता बराबर लिवलंय त्यानं."

बर्फ मात्र कुणाच्या डोळ्यांपुढं उभा राहीना. शेवंता म्हणाली गारांसारखा असेल. जैबूआपाला वाटायचं, चुना भिजवल्यावर फुगतो तसा. ताराबाई म्हणाल्या, "जिनिंगमधी सरकी काढलेला कापूस उडतो ना, वरून, सावकाश, अंगावर, केसांवर, तसा असंल." ते सगळ्यांना पटलं. त्यानंतर बर्फ आला की मला गंगापूरच्या जिनिंगवरचा कापूस दिसायचा आणि त्यातून चालणारा, कानटोपी ओढलेला कप्तान. माझं त्याच्यावर प्रेम होतं, हे आता सांगायला हरकत नाही. घरी स्थळं यायची, मी त्या मुलांचे फोटो बघायची, आणि कुणाच्याच कपाळावर कप्तानासारखी आठी नसायची.

जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचा डोंगर यायचा. खाकी चड्ड्या, पांढरे सदरे. तेव्हा वाचन दुपारच्या चहापुरतं राहिलं. पाऊस मुरला, गणेशोत्सव झाला, आणि सीताफळांच्या दिवसांत आम्ही दुसऱ्या भागाच्या शेवटाला आलो. दौलताबादेची सीताफळं टोपलीत मध्ये ठेवलेली, बिया एका जर्मनच्या वाडग्यात टण टण पडायच्या. पुस्तकात शत्रू राजधानीजवळ आला होता आणि लोक शहर सोडून निघाले होते. एका घराच्या अंगणात गाड्या जुंपून उभ्या होत्या आणि काय न्यायचं, काय ठेवायचं यावरून घरात रडारड चालली होती.

ताराबाईंची मशीन थांबली. बाकीच्याही थांबल्या.

"आमच्या बी गाड्या निघाल्या व्हत्या," त्या म्हणाल्या.

पोलीस ॲक्शनच्या आधीचं, रझाकारांचं ते वर्ष आमच्या शहरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नसे. मी तेव्हा पाळण्यात होते. ताराबाई आणि आपा कितीतरी वर्षं शेजारी बसत होत्या, एकमेकींच्या डब्यातलं लोणचं खात होत्या, पण त्या वर्षाबद्दल त्यांच्यात शब्द झालेला नव्हता.

"माझा थोरला कडेवर व्हता, चार-पाच महिन्यांचा. सकाळी उजाडता उजाडता निघालो. सासूबाई जात्याला मिठी मारून बसल्या, म्हणं हे घ्या. जातं कोन नेतंय? गाय गाभण व्हती, तिचं दावं सोडून दिलं. ती आमच्यामागं येशीपर्यंत आली. कायगावला आलो तर आमची गंगा दोन्ही थड्या भरून. गाड्या तिथंच ऱ्हायल्या. होडीतून पल्याड टोका गावाला उतरलो, ते निजामाच्या राज्याच्या भाईर. तिथल्या बायांनी वाळूतच पिठलं-भाकरी वाढली. मागं फिरून बघितलं तर आमच्या अंगाला धूर."

त्यांनी सुईत दोरा ओवला.

"मागं ऱ्हायलेल्या लोकांनी सांगितलं नंतर. खाकी कपड्यातली पोरं आली व्हती. मिसरूड बी फुटलेलं नाय अशी. त्यातल्याच एकानं छपराला काडी लावली."

मी पाहिलं तर आपाचा हात अर्ध्या काजावर थांबला होता. समोर खाकी चड्डी होती, शाळेच्या मुलाची. तिनं ती घडी घालून खाली ठेवली, डबा उचलला, "मला जायला पाहिजे," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. काजांवाचून सदऱ्यांचा ढीग वाढत गेला. आपाचा एक भाऊ त्या गोंधळात बेपत्ता झाला होता, एवढं आम्हाला ऐकून ठाऊक होतं. आता कुणीही न सांगता आम्हाला पुढचंही कळलं होतं. शेवंता पुटपुटली, "त्याच्या बी अंगात खाकीच असंल." ताराबाई तिच्यावर खेकसल्या आणि मला म्हणाल्या, "ठिव ते पुस्तक गुंडाळून. नाय त्या गोष्टी उकरून काढतंय."

मी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलं. नुसत्या मशिनींचा आवाज किती कोरडा असतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

मग एका सकाळी ताराबाई जिन्यातच माझी वाट बघत उभ्या होत्या. नऊवारी बदललेली, हातात पिशवी. "चल माझ्याबरुबर. लोटा कारंजाकडं. तू कपडे पोचवायला गेली व्हतीस, तिचं घर तुला ठाऊक हाय."

आपाचं घर म्हणजे गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत हातमाग होता, खट खट चालू होता. आम्हाला बघून आपाच्या मियाँनी तो थांबवला आणि ते टोपी सारखी करत बाहेर निघून गेले. आपा आतून आली. तिनं सतरंजी अंथरली, पाणी दिलं. दोघी समोरासमोर बसल्या. मला वाटत होतं, आपण इथं नसतो तर बरं.

आपाच बोलली. "ताराबाई, माझा भाऊ बी खाकी घालूनच गेला होता. अम्मीनं दार लावून घेतलं, तर मागच्या भिंतीवरून उडी मारून गेला. कुठं गेला, काय केलं, मला मालूम नाही. कसम खाऊन सांगते. तुमच्या गावाला गेला नसेल, असं मी कोणत्या तोंडानं बोलू?"

ताराबाईंनी मागावरच्या अर्धवट वेलबुट्टीकडं पाहिलं.

"आन गेलाच व्हता, असं मी तरी कोणत्या तोंडानं म्हनू?" त्या म्हणाल्या. मग विचारलं, "वय काय व्हतं?"

"सतरा."

"माझा थोरला आता सतराचाच हाय. कुनी हाक मारली की निघाला. कुठं जातूस, कुनासंगं जातूस, काय बी सांगत नाय."

आपानं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. ताराबाई जागेवरून सरकून तिच्याजवळ बसल्या आणि नुसता हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. त्या घराचं काय, धुराचं काय, याचा हिशोब त्यांनी मनात कसा लावला, मला माहीत नाही. मी नंतरही कधी विचारलं नाही. जरा वेळानं त्यांनी पिशवीतून सदरे काढले. "हे बघ, काजं कुनालाच जमंना. शेवंतानं केलेलं हे बघ, उंदरानं कुरतडल्यासारखं." आपाला रडता रडता हसू आलं.

आम्ही उठलो तेव्हा तिनं मला दारात धरलं. "पुढं वाचलंत का माझ्याशिवाय?"

"नाही आपा. पुस्तक गुंडाळून ठेवलंय."

"कप्तान मरणार आहे, नं?"

मी तिसरा भाग घरी चोरून वाचून काढला होता. मी पायानं चप्पल शोधू लागले, आणि त्यातच तिला उत्तर मिळालं.

"मरायचाच असेल तर मरू दे," ती म्हणाली. "पण माझ्या माघारी नक्को. मी उद्या येते."

ती दुसऱ्या दिवशी आली, तिच्या भिंतीपाशी बसली आणि काजं करू लागली. कप्तानापर्यंत पोचायला आम्हाला आणखी बरेच दिवस लागले. थंडी पडली होती. सकाळी लिंबाखाली शेकोटी करून बसणाऱ्या हमालांचा धूर वर यायचा, आणि आम्ही सीताफळांवरून बोरांवर आलो होतो. ज्या दिवशी ती पानं आली, त्या दिवशी मी आधी सांगितलं, "आज तो प्रसंग आहे." ताराबाईंनी मशिनीवर झाकण घातलं. शेवंतानंही घातलं. वर्गात मी एवढ्या हळू आवाजात पहिल्यांदाच वाचलं.

कप्तान जखमी होऊन कितीतरी दिवस पडून होता. धाकटी त्याच्याजवळ होती. बाजी लांबचा प्रवास करून आली. त्याला माणसं ओळखू येत होती, पण तो त्यांच्यापासून हळूहळू दूर चालला होता. आणि मग तो गेला.

मी थांबले. आपा म्हणाली, "बाजी पोचली होती, नं?"

"हो, आपा. उशाशीच होती."

"तेवढंच परत वाच."

मी परत वाचलं. तिनं काजाची सुई ओढणीला टोचून ठेवली आणि माझ्याजवळ आली. तिला उर्दू येत होतं, मराठी अक्षरं येत नव्हती. "कुठं लिहिलंय, दाखव." मी ओळीवर बोट ठेवलं. माझं बोट बाजूला करून तिनं तिचं ठेवलं, सुयांनी खरबरीत झालेलं, आणि ते ओळीवरून उलट्या बाजूनं, उजवीकडून डावीकडं सरकवत नेलं.

"त्याला पाणी पाजलं का?"

मी मागची पुढची पानं चाळली. "तसं लिहिलेलं नाही."

"लिहिलं नसेल," आपा म्हणाली. "पाजल्याशिवाय राहिली असेल का ती?"

शेवंता दाराशी बसून हुंदके देत होती. माणसासाठी ती त्या कादंबरीत पहिल्यांदाच रडली.

संक्रांतीनंतर कादंबरी संपली. शेवटी खूप घरगुती पानं आहेत, लग्नं झालेली, लेकरंबाळं, कुणाचं दूध, कुणाचं दुखणं. वाचनालयातले एक वकील मला म्हणाले होते की शेवट कंटाळवाणा आहे, धाकटी नुसती जाडी आणि संसारी होते. मी ते माडीवर सांगितलं तर ताराबाई उखडल्याच. "व्हईना का जाडी! येवढं सगळं बघितल्यावर तिनं पोटभर जेवू नये काय?" त्यानंतर लेखक इतिहास म्हणजे काय ते सांगत बसतो. त्या पानांत तिन्ही मशिनींनी लग्नसराईचे ब्लाउज उरकले. मी एक शब्द न गाळता वाचत राहिले, कारण संपवायची मलाच इच्छा नव्हती.

शेवटचं पान मिटलं तेव्हा शेवंता म्हणाली, आता दुसरी आण, जनावरांची असली तर बघ. ताराबाई म्हणाल्या, लढाईची म्हणतात हिला, पण हिच्यात घरंच जास्ती आहेत. सगळ्या निघायला लागल्या तेव्हा आपानं ताराबाईंना थांबवलं.

"भावाची फातिहा, गेलेल्यासाठी करतात ती दुवा, मी आजवर केली नाही. अम्मी करू देत नव्हती. म्हणायची, तो येईल. अम्मी जाऊन पण साल झाला. येत्या जुमेरातला करते. तुम्ही येणार का?"

सगळ्यांच्या मनात होतं की ताराबाई कदाचित नाही म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. त्या पायताण घालत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गोड काय करनार?"

"मीठे चावल."

"मग गूळ बाजारचा आनू नको. आमच्या मळ्यातली ढेप आलीय."

त्या गुरुवारी माडीला कुलूप होतं. आम्ही तिघी लोटा कारंजाकडं गेलो, ताराबाईंच्या डोक्यावर गूळ. गल्लीत पोचायच्या आधीच तांदळाचा, तुपाचा, वेलदोड्याचा वास येत होता. चुलीपाशी आपाबरोबर शेवंता बसली आणि ताराबाई गूळ फोडायला. बाहेरच्या खोलीत माग बाजूला सरकवून चादर घातली होती. उदबत्ती लावली होती, पातेल्यावर जाळीचा रुमाल होता. आपाचे चुलत सासरे आले, पांढरी दाढी, थरथरते हात. त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, कुणाच्या नावानं?

आपा पडद्याच्या आत आमच्याबरोबर होती. ताराबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, माहेरवाशिणीला कळा यायला लागल्या की फिरवतात तसा, सावकाश, वरून खाली.

"यूसुफ," आपा म्हणाली.

बाहेर दुवा सुरू झाली. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. ताराबाईंनी हात जोडले, मग आपाकडं बघून ते उघडे धरले.

नंतर पानं मांडली. भात गोड होता, किंचित खमंग लागलेला. आपाचे मियाँ गल्लीतल्या मुलांना द्रोण वाटत फिरत होते. आत आम्ही चौघीच. ताराबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "कसा व्हता गं दिसायला इसुफ?"

आपा आधी अडखळत बोलली. मग थांबेचना. तो पतंग कसा कापायचा. नहरीच्या पाण्याच्या मनोऱ्यासारख्या उंच बंबावर चढून कसा बसायचा आणि अम्मी खालून चप्पल कशी फेकायची. मुलींसारख्या लांब पापण्या होत्या म्हणून सगळे चिडवायचे. शिळी रोटी साखर घालून चहात बुडवून खायचा. गाताना सूर चुकायचा तरी मोठ्यांदा गायचा. ताराबाई मध्येच विचारायच्या, "मग?" शेवंता खदखदून हसायची. भात पानात गार झाला, ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं आणि तिसऱ्या प्रहरची, असरची अजान होऊन गेली.

मी सवयीनं पिशवीत वाचनालयाचं एक नवं पुस्तक घेऊन गेले होते. त्या दिवशी ते मला कुणी काढायला सांगितलं नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि ऐकत राहिले.